जकार्ता खचतंय म्हणून राजधानी हलवावी का?

म्हापशाचा वाचक: भूजल उपसून जकार्ता खचत चाललंय, म्हणून इंडोनेशिया बोर्निओ बेटावर नुसांतारा ही नवी राजधानी उभारतोय. 2022 मध्ये तसा कायदाही झाला. मला हे पटत नाही. मंत्री निघून जातील, पण कोटीभर माणसं त्याच जमिनीवर राहणार ना? तुम्हाला काय वाटतं?

डिचोलीची शिक्षिका: आपल्याकडेच बघा. साथींनी जुनं गोवं पोखरलं, 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीला आला, पण पणजी रीतसर राजधानी झाली 1843 मध्ये. जुन्या गोव्यात भव्य चर्च उरली, शहर उरलं नाही. मुलांना सहलीला नेलं की विचारतात, इथली माणसं कुठे गेली? हलवावी, पण मागे राहणाऱ्यांची सोय आधी करावी.

पर्वरीकर: ताई, आमची विधानसभा 2000 पासून पर्वरीत आहे. पणजीहून मांडवीचा पूल ओलांडला की पोचलात. ब्राझीलने मात्र 1960 मध्ये रिओ या जुन्या राजधानीपासून शेकडो किलोमीटर आत ब्राझिलिया वसवली. इतक्या लांब गरिबाने दाद मागायला जायचं कसं?

म्हापशाचा वाचक: हेच म्हणतोय मी. तोच पैसा जकार्तात घरोघरी नळाचं पाणी द्यायला घाला, उपसा आपोआप कमी होईल.