कोर्टात २२ पुरस्कार आणि हातात एकच तास: कसं बसवायचं?

नवा_भालदार
एससीए (मध्ययुगीन जीवन हौसेने उभं करणारी संस्था) हिच्या एका मेळाव्यात संध्याकाळच्या कोर्टाला, म्हणजे दरबाराला, हेरल्ड (नावं आणि मजकूर पुकारणारा भालदार) म्हणून उभं राहायचंय. संस्थेचे राजा-राणी येणार आहेत. यादीत १४ अवॉर्ड ऑफ आर्म्स (सुरुवातीच्या पायरीचा पुरस्कार), ७ इतर पुरस्कार आणि शेवटी एक लॉरेल (कला-कौशल्यासाठीचा सर्वोच्च मान). मेजवानीआधी फक्त एक तास मिळतोय, जागा उघड्या मैदानावर. मोठ्याने वाचायची सवय आहे, पण वेळ नेमका कुठे जातो आणि कुठे वाचवता येतो?

दवंडी
वाचण्यात फारसा वेळ जात नाही, तो जातो दोन पुरस्कारांच्या मधल्या मोकळ्या जागेत. १५० शब्दांचा स्क्रोल (हाताने लिहून रंगवलेलं पुरस्कारपत्र) सव्वा ते दीड मिनिटात वाचून होतो. पण मागच्या रांगेतला माणूस उठून, झगा सावरत पुढे येईपर्यंत अर्धं मिनिट जातं. मग गुडघे टेकणं, पदक घालणं, जयजयकार, परत जाणं. एका पुरस्काराला अडीच मिनिटं धराच. २१ चे साडेबावन्न, लॉरेलची वीस, म्हणजे तुमचा तास आधीच ओलांडला.

उपाय असा: एक जण वंदन करून वळला की लगेच पुढचं नाव पुकारा. तो चालत येतोय तोवर पहिल्याचा जयजयकार होतो. मात्र पहिल्याचं तोंड लोकांकडे वळल्याशिवाय 'विवाट' (जयजयकाराची आरोळी) सुरू करू नका, नाहीतर लोक त्याच्या पाठीला दाद देतात.

अवॉर्ड ऑफ आर्म्सवाल्यांना पाच, पाच आणि चार अशा तीन गटांत बोलवा. एकाचा मजकूर पूर्ण वाचायचा, बाकीच्यांची नावं आणि मुख्य वाक्य. गटाला पाचेक मिनिटं पुरतात. मग हिशोब असा बसतो: गटांना १५, इतर ७ पुरस्कारांना साधारण १७, लॉरेलला २० आणि सुरुवात, घोषणा वगैरेला ८.

बोरू_आणि_शाई
गट करा, पण एक विनंती. अवॉर्ड ऑफ आर्म्स बहुतेकांना राजाच्या हातून मिळणारा पहिलाच मान असतो. तेव्हा प्रत्येकाने काय काम केलं हे एका वाक्यात यायलाच हवं. 'स्वयंपाकघरात राबली', 'तिरंदाजीचं मैदान सांभाळलं' एवढंही पुरे, नुसती नावांची माळ नको. आणि गट करायचे की नाही हे राजा-राणींना आधी विचारा, तो निर्णय त्यांचा.

आता स्क्रोलबद्दल. स्क्रोलवरचा गॉश (अपारदर्शक जलरंग) पाण्याने विरघळतो, पावसाचा एक थेंब पडला तरी डाग. तेव्हा प्रत्येक स्क्रोल जाड पुठ्ठ्यावर, वर प्लॅस्टिकचं आवरण, ते फक्त वाचताना काढायचं. ब्लॅकलेटर (जुनं, टोकदार आणि दाट वळणाचं) अक्षर संध्याकाळच्या उजेडात धड लागत नाही, म्हणून लेखनिकाकडून मजकूर टाईप करून मागच्या बाजूला चिकटवून घ्या. गठ्ठा यादीच्याच क्रमाने लावा. एक क्रम चुकला की पुढचे सगळे चुकतात, कारण देणारा वरचाच उचलतो.

दवंडी
बरोबर. पदकांचंही तेच. सगळी एका थैलीत टाकली की साखळ्यांचा गुंता होतो आणि तो राजाच्या हातात सुटेपर्यंत सगळं कोर्ट थांबतं. एका काठीवर नावाच्या चिठ्ठीसह ओळीने लटकवा.

यादीच्या तीन प्रती: तुम्हाला, राजा-राणींना आणि पदकं देणाऱ्याला. तुमच्या प्रतीत प्रत्येक नावाखाली उच्चार तुम्हाला वाचता येईल तसा लिहा. वेल्श किंवा नॉर्स नावं अंदाजाने वाचाल तर हमखास चुकाल. उच्चार आणि 'आज हजर आहे का' या दोन्ही गोष्टी त्याच्या जवळच्या मित्राला हळूच विचारा. त्यालाच विचारलंत तर गुपित फुटलं.

नवा_भालदार
खूप उपयोगी, आभार. मैदानावर आवाज पुरवायचा कसा? आणि मुलांचं काय?

दवंडी
सिंहासनं अशी मांडा की वारा तुमच्या पाठीमागून लोकांकडे जाईल, म्हणजे आवाज लांब पोहोचतो. मावळता सूर्य लोकांच्या डोळ्यांत येत नाही ना, तेही बघा. दोन्ही जमत नसेल तर वाऱ्याला प्राधान्य द्या. कागद छातीच्या उंचीवर धरा, मान खाली गेली की आवाजही खाली जातो. नाव दोनदा पुकारा, दोन्हींच्या मध्ये श्वासभर थांबून.

खेळण्यांची पेटी घेऊन मुलांना धावायला लावायचा प्रकार तुमच्याकडे होत असेल तर तो अगदी सुरुवातीला. मुलं पेटीमागे बाहेर जातात आणि पुढचा तास शांत राहतो.

बोरू_आणि_शाई
ऐनवेळी 'मला दोन शब्द बोलायचेत' म्हणणारे येतात. त्यांची नावं आधी घ्या, दोन मिनिटांची मर्यादा सांगा आणि त्यांना लॉरेलच्या आधी बसवा. लॉरेलनंतर लोक उठून अभिनंदनाला जातात, मग कोणी ऐकत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी उशी आणि एक छोटं स्टूल बाजूला हवंच, ते मागायची वेळ कोणावर येऊ नये. आणि दिलेल्या प्रत्येक नावापुढे तिथल्या तिथे पेनने खूण करा, गैरहजर असेल तर तसं लिहा. कोर्टचा अहवाल त्याच कागदावरून जातो.