घाट चढण्याचा खर्च अखेर कोण भरतो?

प्रश्न
चिंचवडकर:

नमस्कार. मी गेली अठरा वर्षे चिंचवड आणि मुंबई यांच्या दरम्यान नियमित प्रवास करतो. परतीच्या गाडीला कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडली जातात, तेव्हा डब्याला एक हलका हिसका बसतो, उभी असलेली मंडळी सवयीने दांडा धरतात आणि गाडी मागून रेटली जात घाट चढू लागते. चढ संपला की ही इंजिने सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातात. परवा माझ्यासोबत असलेल्या मुलीने विचारले, "बाबा, या इंजिनांचे पैसे आपल्या तिकिटात धरलेले असतात का?" मला नेमके उत्तर देता आले नाही आणि तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. इतका अवघड आणि खर्चिक चढ समोर असताना एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग या बोरघाटातून नेण्याचा निर्णय कोणत्या हिशेबाने घेतला गेला? आणि वाहतूक स्वस्त झाल्यावर तिचा लाभ व्यापाऱ्याला, प्रवाशाला आणि शेतकऱ्याला सारखाच मिळाला का? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १
जुनी_वाट:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर लोहमार्ग येण्यापूर्वी माल कसा जात होता तेथून सुरुवात करावी लागेल. वऱ्हाडाचा कापूस एके काळी मुंबईला येतच नसे. बैलांच्या पाठीवर लादून तो उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून होड्यांनी कलकत्त्याला पोहोचे. १८२५-२६ साली हैदराबादच्या विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी खेप पाठवली, तेव्हा १,२०,००० पौंड कापसासाठी ५०० बैल लागले होते. म्हणजे एका बैलाच्या पाठीवर २४० पौंड, आजच्या मापाने सुमारे १०९ किलो. सगळी खेप मिळून साधारण ५४ टन होते आणि नुसते वजन पाहिले तर आजच्या मालगाडीच्या एका बंद वाघिणीला ते पेलवेल. बैलाला वाटेत चारा आणि पाणी लागते, तो रोज ठरावीक मजलच चालतो, आणि हा सगळा प्रवास पाऊस उघडल्यापासून पुढचा पाऊस लागेपर्यंतच्या महिन्यांत उरकावा लागतो. वाटेत वळिवाने गाठले तर कापूस भिजतो आणि उरलेल्या वाटेवर पाण्याचेही ओझे वाहावे लागते. अशा वाटेने तोच माल परवडतो, ज्याची किंमत वजनाच्या मानाने भरपूर असते.

बोरघाटात बैलगाडीचा चांगला रस्ता १८३० साली झाला आणि दख्खनच्या मालाला कोकणात उतरणे सोपे झाले. (वऱ्हाडाचा माल पुढे मुख्यतः थळघाटातून, म्हणजे कसाऱ्याच्या बाजूने उतरू लागला, पण अडचण दोन्ही घाटांची एकच होती.) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणी मालकांना अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहायचे नव्हते आणि त्यांच्या आग्रहाने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या योजनेला बळ आले. १८४९ च्या करारानुसार या रेल्वेकंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी मिळाली. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. घाटाच्या खर्चाची धास्ती कंपनीला फारशी वाटली नाही, याचे एक कारण मला या हमीत दिसते, कारण जोखीम येथल्या रयतेच्या माथी आधीच टाकलेली होती.

खरी किंमत कामगारांनी मोजली. १८५६ मध्ये घाटाचे काम सुरू झाले आणि १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० पर्यंत माणसे त्यावर राबत होती. पटकी, ताप आणि दरडी यांनी हजारो जीव गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच आजारी पडून वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवून पूर्णत्वाला नेले. मूळ मार्गावर २५ बोगदे होते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १८५८ ते १८६३ हा काळ. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्येच सुरू झाला होता आणि खालून गाडी खोपोलीपर्यंत येत होती. मधला घाट तेवढा उरला होता. उतारूंना खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून खंडाळा गाठावा लागे आणि माल दोनदा उतरवून दोनदा चढवावा लागे. दोन्ही बाजूंना आगगाडी असूनही प्रवासाचा वेळ आणि मालाचा खर्च त्या मधल्या टप्प्यावरच ठरत होता. १८६३ मध्ये घाट खुला झाला, तेव्हाच आधी बांधलेल्या मैलांचे खरे चीज झाले.

चिंचवडकर:

मनापासून आभार. खोपोलीचा उल्लेख आला म्हणून विचारतो. टाटांचे वीजघर खोपोलीलाच आहे. घाटाची उंची आगगाडीला जड गेली, पण त्याच उंचीवरून पडणाऱ्या पाण्याच्या विजेवर पुढे आगगाडी घाट चढू लागली, असे म्हणता येईल का?

उत्तर २
घाटविभाग_निवृत्त:

मी रेल्वेत बत्तीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीच वर्षे घाटात गेली, म्हणून ही एक दुरुस्ती करतो. खोपोलीची वीज १९१५ पासून प्रथम मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. या गिरण्यांना बंगालचा कोळसा लांबच्या रेल्वेभाड्यामुळे महाग पडत असे आणि परदेशातून जहाजाने येणारा कोळसाही मोठ्या प्रमाणात वापरावा लागे. त्यामुळे लोणावळ्याच्या तलावांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडलेल्या पाण्याची वीज त्यांना हवीच होती. घाटातील गाड्यांसाठी मात्र रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीच्या चोळे येथे स्वतःचे वीजघर १९२९ मध्ये उभारले आणि ते कोळशावर चालत होते. आपली कल्पना सुंदर आहे, पण हिशेब वेगळ्या वाटेने गेला.

आता चढाविषयी. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर जाते. पायी चालणाऱ्याला तो फारसा जाणवणार नाही. परंतु १,००० टनांची गाडी त्यावर नुसती धरून ठेवायलाच सुमारे २७ टनांचा जोर लागतो. सपाट रुळांवर तीच गाडी हळू ओढायची असेल तर दोन-तीन टनांत भागते. म्हणजे जवळजवळ दहापट. म्हणून गाडीचे तुकडे करा किंवा मागून इंजिने लावा, एवढेच पर्याय राहतात. वाफेच्या काळात खंडाळ्याजवळ गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढावा लागे. विद्युतीकरणाच्या सुमारास नवे बोगदे काढून ती उलटापालट संपवली.

त्या वेळी मालगाड्यांसाठी जी विजेची इंजिने आली, त्यांना आमची जुनी माणसे 'खेकडा' म्हणत. चाकांना जोडणारे लांब दांडे चालताना असे हलत की दुसरे नाव सुचूच नये. या इंजिनांचा मोठा गुण असा होता की, घाट उतरताना त्यांच्या मोटारी उलट वीज तयार करून वरच्या तारेत सोडत. खाली येणारी गाडी वर जाणाऱ्या गाडीला हातभार लावू लागली आणि ब्रेकचे ठोकळेही कमी झिजू लागले. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली ती याच विद्युतीकरणाच्या जोरावर.

मुलीला सांगा की तिकीट मुख्यतः अंतरावर ठरते आणि मागच्या इंजिनांची वेगळी आकारणी त्यावर दिसत नाही; तो खर्च रेल्वेच्या एकूण जमाखर्चात मिसळून जातो. कोकण रेल्वेवर मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरून भाडे आकारण्याची पद्धत ठेवली गेली, कारण बोगदे आणि पूल यांचा खर्च कोठून तरी वसूल होणे भाग होते.

उत्तर ३
बार्शीवाला:

खर्च वाचवताना तो कधीकधी पुढच्या ठिकाणी जाऊन बसतो, याचे उदाहरण आमच्याकडे आहे. मुख्य लोहमार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला होता. रुंद मार्ग बांधणे परवडणार नाही, म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी (दोन रुळांतले अंतर अडीच फूट) अरुंद मार्गाची योजना केली. रूळ हलके, वळणे तीव्र, भराव कमी, आणि प्रत्येक आसावर ५ टनांहून अधिक भार येणार नाही अशी डब्यांची रचना. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि पुढे लातूर व मिरजेपर्यंत वाढली. बार्शीच्या बाजारपेठेला माल पाठवण्याची सोय झाली आणि ज्या वारकऱ्यांना एरवी पायी किंवा बैलगाडीनेच जावे लागले असते, त्यांच्यासाठी गाडी आली.

परंतु कुर्डुवाडीला अरुंद आणि रुंद मार्ग भेटत, आणि तेथे प्रत्येक पोते एका वाघिणीतून उचलून दुसरीत टाकावे लागे. माझे आजोबा भुसार मालाचे अडतदार होते. ते सांगत की कुर्डुवाडीची हमाली, तेथे फाटणारी पोती आणि सांडणारे धान्य हे त्यांच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलेले असे. बांधताना वाचवलेला पैसा पुढची शंभर वर्षे थोडाथोडा करून तेथे भरला गेला. तरीही मी त्या अरुंद मार्गाला चूक म्हणणार नाही. रुंद मार्गाची वाट पाहत बसलो असतो, तर माझ्या आजोबांच्या पिढीला रेल्वे बहुधा मिळालीच नसती.

प्रवासाविषयी एक भर घालतो. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे या पहिल्या मार्गावर पहिल्या वर्गाचे भाडे २ रुपये १० आणे होते आणि तिसऱ्याचे ५ आणे ३ पै, म्हणजे बरोबर एक अष्टमांश. हिंदुस्थानातले लोक फारसा रेल्वेप्रवास करणार नाहीत, असा अनेकांचा होरा होता. तिसऱ्या वर्गाच्या गर्दीने तो पार खोटा ठरवला.

उत्तर ४
काळी_माती:

मी बुलडाणा जिल्ह्यातला कापूस उत्पादक आहे, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

खामगावला जलंबपासूनचा फाटा मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता आणि मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले होते. १८७० मध्येच समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. रूळ, कालवा आणि तार या तिन्ही गोष्टी एका वर्षात आल्या आणि खामगावच्या बाजारातला कापूस लिव्हरपूलच्या भावाला बांधला गेला. माल जितका लवकर जाऊ लागला, त्याहून कितीतरी लवकर भाव येऊ लागला. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच मुंबईत कापसाचा भाव कोसळला, तेव्हा ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले होते त्यांचे काय झाले, हे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते. वाहतूक स्वस्त झाली म्हणून कापसाचे क्षेत्र वाढले आणि ज्वारीचे मागे पडले. घरात धान्य नसलेल्या माणसाला मग वाईट वर्षी बाजारावरच विसंबावे लागले.

लाभ झाला नाही, असे मी म्हणत नाही. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तिच्यामागे कापूस मुंबईला नेण्याऐवजी गिरणीच कापसाजवळ आणण्याचा विचार होता, आणि त्याने या प्रदेशात काम आले. पण लाभ मुख्यतः त्याला मिळाला, ज्याच्याकडे थांबण्याची ताकद होती. ज्याला माल ठेवता येतो, तो भाव येईपर्यंत ठेवतो. ज्याला सावकाराचा हप्ता भरायचा आहे, तो पहिल्या वेच्यालाच विकतो.

माझ्यापुरते बोलायचे तर माझा घाट दीड किलोमीटरचा आहे. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची ती पांदण आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि पांदणीत गुडघाभर चिखल झाला. ट्रॅक्टर आत येईना, बैलगाडीचे चाक आखापर्यंत रुतले. अकरा क्विंटल कापूस एकोणीस दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिला. खालचा थर पिवळट पडू लागला, तेव्हा एक खेडा-खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) आला आणि त्याने बाजारभावापेक्षा क्विंटलमागे चारशे रुपये कमी सांगितले. त्याला दोष देत नाही, कारण डोक्यावरून गाठोडी वाहायला त्याला सहा माणसे लावावी लागली. पावतीवर मात्र त्या सहा माणसांच्या मजुरीचा उल्लेख कोठेही नव्हता, फक्त भाव लिहिलेला होता. आपल्या मुलीच्या प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर तेवढेच आहे.

चिंचवडकर:

मी हे सगळे उत्तर मुलीला वाचून दाखवले. तिने विचारले आहे की, तुमच्या पांदणीचे पुढे काय झाले?

काळी_माती:

मोजणी झाली आहे. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी बांध मागे घ्यायला संमती दिली आहे. मुरूम पडायचा बाकी आहे आणि पहिला वेचा दसऱ्याच्या आसपास येईल.