स्पीड टेस्ट उत्तम येते, तरी रात्री गेममध्ये पिंग ३०० वर जातो. दोष कुठे शोधावा?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार. घरी ४० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे आणि रोज रात्री मी मित्रांबरोबर संगणकावर व्हॅलोरंट खेळतो. दुपारी पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, २५ ते ३० मिलिसेकंद असतो, मात्र रात्री साडेआठनंतर तो मध्येच ३०० च्या वर जातो. समोरचा खेळाडू जागीच थिजतो आणि पुढच्या क्षणी माझ्या पाठीमागे उभा असतो. कंपनीकडे दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा तंत्रज्ञांनी मोबाइलवर स्पीड टेस्ट करून ३८ एमबीपीएस दाखवले आणि लाइन ठीक आहे असे सांगितले. मी ट्रेसर्ट (मार्गातले एकेक टप्पे दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिले, त्यात तिसऱ्या टप्प्यावर वेळेच्या जागी नुसत्या चांदण्या (*) येतात, म्हणून दोष तिथेच असावा असे वाटते. १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा की कंपनीच बदलावी? पुढच्या रविवारी आमच्या गटाचे सामने आहेत.

सातरस्ता:
दोन्हींपैकी काहीही करण्याआधी थोडे थांबा. स्पीड टेस्ट सांगते ती एका सेकंदात किती माहिती वाहून येते ती; गेमला महत्त्वाचे असते ते एक छोटे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, जाऊन उत्तर घेऊन यायला किती वेळ लागतो ते. अशा गेमला खेळताना १ एमबीपीएसही पुरतो, त्यामुळे प्लॅन मोठा घेऊन हा त्रास जाईलच असे नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यायला ४ मिलिसेकंद पुरतात. उरलेला वेळ वळणाच्या मार्गात आणि मधल्या उपकरणांत जातो. दुपारचा २५ म्हणजे अगदी निरोगी आकडा आहे. फक्त गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबईचाच निवडलेला आहे ना, एवढे पाहा, कारण सिंगापूर निवडले गेले असेल तर पिंग कायमच जास्त राहील.

आता मार्गाचे तुकडे पाडा. संगणक ते राउटर हा पहिला, राउटर ते बाहेरचे जाळे हा दुसरा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा; एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जाळ्यातल्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावा. आज्ञेच्या शेवटी हायफन आणि टी लिहिले की ते बंद करेपर्यंत चालू राहते. रात्री आठ ते दहा दोन्ही खिडक्या चालू ठेवून खेळा आणि लॅग आला की त्या क्षणी दोन्हींकडे पाहा. राउटरचेच उत्तर उशिरा येत असेल तर दोष घरात आहे, मग कंपनीला बोल लावून उपयोग नाही. एक दिवस वायफायवर आणि एक दिवस लॅन केबल लावून, असे दोनदा करा, अन्यथा निष्कर्ष चुकेल.

तिसऱ्या टप्प्यावरच्या चांदण्यांची काळजी करू नका. अनेक राउटर अशा चौकशीला मुद्दाम उत्तर देत नाहीत, पण गेमची पॅकेट नीट पुढे पाठवतात. त्यापुढचे टप्पे व्यवस्थित दिसत असतील तर तिथे बिघाड नाही.

जुळेसोलापूरकर:
सर, सांगितल्याप्रमाणे केले. वायफायवर राउटरचे उत्तर एरवी ३ मिलिसेकंदांत येते, पण मधूनच १८०, २४० असे आकडे दिसतात आणि कधी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येते. केबलवर राउटरचे उत्तर सतत १ मिलिसेकंदाच्या आत आहे, तरीही ८.८.८.८ चा आकडा पावणेनऊला २२ वरून ३५० वर गेला, वीस मिनिटे तसाच राहिला आणि आपोआप खाली आला. म्हणजे वायफायचा दोष की लाइनचा?

होटगीरोड:
मध्येच बोलतो, कारण असाच अनुभव मी घेतला आहे. आपल्याकडे दोन वेगळे दोष एकावर एक बसले आहेत, म्हणूनच कोणताही एक उपाय करून समाधान झाले नसते. पहिला वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच असतात आणि अपार्टमेंटमध्ये शेजारच्या दहा घरांचे राउटर त्यांवरच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो. खेळण्यासाठी केबलच ठेवा.

दुसऱ्याचे वर्णन अपलोडच्या रांगेसारखे वाटते. घरातले कोणी मोठी फाइल वर चढवू लागले की राउटरमध्ये पॅकेटांची रांग साठते आणि आपले इवलेसे पॅकेट तिच्या शेवटी उभे राहते. पॅकेट हरवत नाही, फक्त उशिरा पोहोचते, आणि अपलोड संपताच सारे पूर्ववत होते. त्या वेळी घरात काय चालू असते?

जुळेसोलापूरकर:
भाऊ लग्नसमारंभाचे छायाचित्रण करतो. तो साडेआठला घरी येतो आणि जेवायला बसण्याआधी दिवसभराचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावतो. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

सातरस्ता:
मग त्याचे काम थांबवू नका, ते त्याच्या पोटापाण्याचे आहे. ड्राइव्हच्या संगणकावरील ॲपमध्ये अपलोडची कमाल गती ठरवता येते. ती उपलब्ध गतीच्या निम्म्यावर ठेवा. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, पॅकेटांची रांग आवरणारी सोय असेल तर तिथे मर्यादा प्रत्यक्ष गतीच्या ८५ ते ९० टक्के घाला, म्हणजे रांग साठणारच नाही. कंपन्या देतात त्या राउटरांत ही सोय क्वचितच असते.

होटगीरोड:
एक गोष्ट पुढच्यासाठी सांगतो. केबल लावलेली असताना, घरात दुसरे कोणी इंटरनेट वापरत नसताना, राउटरचे उत्तर नियमित येऊनही ८.८.८.८ चे पॅकेट हरवू लागले, तर मात्र दोष बाहेर आहे. माझ्याकडे फायबर खिडकीच्या चौकटीत दुमडली गेली होती. तक्रार करताना 'गेम अडकतो' असे न सांगता, वेळ, हरवलेल्या पॅकेटांची टक्केवारी आणि केबलवर तपासल्याचा उल्लेख लिहून द्या आणि तंत्रज्ञांना प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. ती मोजण्याचे यंत्र त्यांच्याकडे असते.

जुळेसोलापूरकर:
काल रात्री भावाचे अपलोड निम्म्या गतीवर ठेवून केबलवर दोन तास खेळलो. व्हिडिओ चढत असतानाही पिंग ३४ च्या वर गेला नाही. प्लॅन बदलत नाही. त्याऐवजी आज नवी पेठेतून पंधरा मीटरची कॅट ६ केबल आणणार आहे, कारण सध्याची दारातून आडवी जाते आणि आई दोनदा तिच्यात अडखळली आहे.