ऑनलाईन गेममध्ये कॅरेक्टर मेलं की किती नुकसान व्हायला पाहिजे?

तापीकाठ: भो, परवा जळगावला लाईट गेली, वायफाय बंद, मोबाईलचं नेट जोडेपर्यंत माझं कॅरेक्टर गुहेत उभ्या उभ्या मेलं आणि दोन रात्री जागून कमावलेला एक्सपी (अनुभवाचे गुण) गेला. मरणाची किंमत असावी हे मला मान्यच आहे, पण कसली? वेळ, पैसे, सामान की लेव्हल?

भुसावळ_जंक्शन: १९९९ च्या एव्हरक्वेस्ट गेममध्ये एक्सपी तर जायचाच, वर सामान प्रेतापाशी पडलेलं, ते आणायला उघड्या अंगानं परत त्याच राक्षसांमध्ये जायचं. त्यामुळेच लोक एकमेकांना धरून खेळायचे. २००४ ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेमनं ते सोपं केलं, भूत होऊन प्रेतापर्यंत पळा, सामानाची १० टक्के झीज, दुरुस्तीचे पैसे भरा, झालं. ड्युटीवरून येऊन तासभर खेळणाऱ्याला हेच परवडतं.

केळीवाला_रावेर: मला ईव्ह ऑनलाईन या अंतराळातल्या गेमचं पटतं. जहाज फुटलं की गेलं, विमा असला तर थोडे पैसे परत. वादळात आमची बाग आडवी होते ना, घडासकट खोडं मोडून पडलेली, विम्यानं सगळं भरून येत नाही पण पुढची लागवड तरी होते. सामान घ्या, शिकलेलं काढून घेऊ नका.

तापीकाठ: हे पटलं भो. ज्याला एकच जीव पाहिजे त्याच्यासाठी हार्डकोर सर्व्हर वेगळा ठेवावा, वॉरक्राफ्ट क्लासिकनं २०२३ ला काढला तसा. पण नेट तुटलं तर निदान मिनिटभर कॅरेक्टरला हात लागू नये, एवढं पाहिजेच.

भुसावळ_जंक्शन: मग हरायला लागले की लोक मुद्दाम वायर काढतील रे, त्याचं काय?