निर्वासितांच्या घरात जन्मलेली अमेरिकन मुलं: तुम्ही जवळून पाहिलेलं लिहा

इथे अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मराठी मुलांच्या घालमेलीवर आपण पुष्कळ बोलतो. पण आपल्यातले बहुतेक जण शिकायला किंवा नोकरीला, व्हिसा घेऊन आले आणि अधूनमधून पुण्या-नागपूरला जाऊन येतात. व्हिएतनामी, कंबोडियन, लाओ आणि ह्मोंग (लाओसच्या डोंगराळ भागातला समाज) घरांतल्या मुलांचे आईबाप १९७५ नंतर, तिथे कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर, जीव घेऊन पळाले, छावण्यांत राहिले. परतीची वाट नव्हती. तरी शाळेच्या आकडेवारीत ती मुलं आणि आपली मुलं पुष्कळदा एकाच ‘एशियन’ रकान्यात जातात. त्यांच्या अडचणी तिथेच झाकल्या जातात, असं मला ठामपणे वाटतं. तुमच्यापैकी कुणी त्यांचे शिक्षक असाल, शेजारी असाल, सोयरे असाल. नावं न घेता लिहा.

वेस्टमिन्स्टर, कॅलिफोर्निया

मी व्हिएतनामी घरातली सून. सासरे दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते, युद्ध हरल्यावर काही वर्षं कम्युनिस्टांच्या ‘पुनर्शिक्षण’ छावणीत, म्हणजे कैदेत, काढली. १९९९ मध्ये इथल्या एका व्हिडिओच्या दुकानात कम्युनिस्ट नेता हो चि मिन्हची तसबीर लागली, तेव्हा आठवडेच्या आठवडे हजारो माणसं निषेध करत दुकानाबाहेर उभी होती. शाळकरी वयाचा माझा नवरा वडिलांबरोबर दक्षिण व्हिएतनामचा जुना पिवळा झेंडा धरून तिथे जायचा. व्हिएतनाम त्याने तोवर पाहिलाही नव्हता. आता त्याला तिथे जायचंय. वडील हयात असेतो तिकीट काढणार नाही म्हणतो. मी आग्रह करत नाही.

लाँग बीच, कॅलिफोर्निया

मी इमिग्रेशनच्या वकिलाकडे काम करते. आमच्याकडे आलेल्या दोन कंबोडियन भावांबद्दल लिहिते. थोरला थायलंडमधल्या खाओ-ई-दांग छावणीत जन्मला, धाकटा इथे. घर एक, शाळा एक, गल्ली एक. या गरीब वस्तीत जुन्या टोळ्यांचा मार खाऊन कंबोडियन पोरांनी स्वतःच्या टोळ्या केल्या. थोरला त्यात ओढला गेला, तुरुंगात गेला, शिक्षा भोगून सुटला आणि बेकरीत कामाला लागला. निर्वासित म्हणून ग्रीन कार्ड मिळालं होतं, पण नागरिकत्वाचा अर्ज वेगळा करायचा असतो हे आईवडिलांना कुणी सांगितलंच नव्हतं. १९९६ च्या कायद्याने जुन्या गुन्ह्यांवरूनही हद्दपारी होऊ लागली आणि २००२ मध्ये कंबोडियाने अशी माणसं स्वीकारायचा करार केला. ज्या देशात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे त्याला पाठवून दिलं.

धाकटा जन्मानेच नागरिक, म्हणून राहिला. ख्मेर रूज या कंबोडियातल्या कम्युनिस्टांच्या क्रूर राजवटीत मामा गेले, हे त्याला भावाच्या केससाठी कागद जुळवताना कळलं. तोवर घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ताटात भात टाकला की आई संतापायची. त्याला वाटायचं ती चिक्कू आहे. तिने उपासमार पाहिली होती. हे सांगताना तो रडला. शिक्षा भोगलेल्या माणसाला पुन्हा अशी शिक्षा देणं मला तेव्हाही अन्याय वाटलं, आजही वाटतं.

सेंट पॉल, मिनेसोटा

माझ्या गणिताच्या वर्गात ह्मोंग मुलं बरीच. पालकसभेला आई येते आणि दुभाषी म्हणून तीच मुलगी बसते, जिच्या मार्कांविषयी बोलायचं असतं! चौदाव्या वर्षी हीच मुलगी आजीला दवाखान्यात डॉक्टरचं निदानही सांगते. ह्मोंगांची अठरा कुळं मानतात, एका कुळात लग्न होत नाही. आपल्या सगोत्रासारखंच, पण पाळणूक फार कडक. मुलं आधी आडनाव विचारतात, मग मैत्री वाढवतात.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात लाओसमध्ये कम्युनिस्टांविरुद्ध चाललेल्या गुप्त युद्धात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने ह्मोंगांना लढवलं. एका मुलाने मला विचारलं, “आजोबा अमेरिकेसाठी लढले, मग पुस्तकात का नाहीत?” त्याला मी इतिहासाच्या बाईंकडे पाठवलं नाही, त्या तासाला गणित बाजूला ठेवलं. २०२१ मध्ये याच शहरातल्या सुनी ली या ह्मोंग मुलीने टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली ताठ मानेने वावरत होत्या.

डेली सिटी, कॅलिफोर्निया

निर्वासितांच्या या यादीत फिलिपिनो बसत नाहीत, तरी लिहितो. माझ्या सहकारी नर्सचे आईवडील नोकरीच्या व्हिसावर आले, आपल्यासारखेच. मुलीचे इंग्रजी उच्चार बिघडू नयेत म्हणून तिच्याशी टागालोग ही आपली भाषा बोलले नाहीत. आता आजीला स्मृतिभ्रंश झालाय, तिचं इंग्रजी पुसलं गेलंय. म्हणून ती नर्स रात्रपाळी उरकून टागालोगच्या वर्गाला जाते. आजीला कुठे दुखतंय, ते तिला स्वतः विचारायचंय.