रस्त्यांवरील सुगम्यतेच्या खुणा करायला शिकवणारा पाठ कसा रचावा? सल्ला हवा आहे

परभणीकर

नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एक काम हाती घेतले आहे. शहरातील मुख्य रस्त्यांची छायाचित्रे समोर ठेवायची, व्हीलचेअर, तीनचाकी सायकल किंवा पांढरी काठी घेऊन जाणाऱ्या माणसाला कोठे वाट मिळते आणि कोठे ती अडते याच्या खुणा त्यांवर करायच्या आणि त्यांतून शहराचा नकाशा उभा करायचा, असा हा उपक्रम आहे. खुणा करण्याचे संकेतस्थळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तयार केले असून ते व्यवस्थित चालते. आता काम अडले आहे ते शिकवण्यापाशी.

सध्या नव्या स्वयंसेवकाला आम्ही एक सूचनापत्रिका वाचायला देतो. मुले ती भराभर खाली सरकवतात आणि कामाला लागतात, त्यामुळे एकाच चौकाबद्दल दोघांच्या खुणा जुळत नाहीत. म्हणून पत्रिकेऐवजी, चित्रावर प्रत्यक्ष हात चालवत शिकवणारा एक पाठ रचावा असे ठरले आहे. त्यात चित्रे कोणती घ्यावीत, पाठ किती लांब असावा, अडथळ्याची तीव्रता कशी शिकवावी आणि बहुतेक मुले मोबाइलवरच काम करणार असल्याने काय काळजी घ्यावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मांजराकाठ

मी अशा साधनांच्या रचनेचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या कामाचा सर्वांत अभ्यासण्याजोगा नमुना म्हणजे अमेरिकेतील जॉन फ्रोलिक यांच्या संशोधनगटाचा 'प्रोजेक्ट साइडवॉक'. वॉशिंग्टन डी.सी. शहरात १८ महिने चाललेल्या त्यांच्या प्रयोगात ७९७ जणांनी घरबसल्या गूगल स्ट्रीट व्ह्यू या रस्त्यांची छायाचित्रे दाखवणाऱ्या सेवेतील रस्त्यांवर २,०५,३८५ खुणा केल्या आणि त्यावरील शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनीही नवख्याला शिकवण्यासाठी लेखी सूचनांवर विसंबून न राहता हाताने करायचा पाठ ठेवला. पडद्यावर एका वेळी एकच सूचना येते आणि ती कृती हातून घडल्याशिवाय पुढची सूचना येत नाही. पदपथावरून रस्त्यावर उतरण्यासाठी केलेला चौकातील उतार शोधून त्यावर खूण करायची, त्याची तीव्रता ठरवायची, वळून दुसरा कोपरा पाहायचा, आणि उतार असायला हवा होता पण नाही अशा ठिकाणीही खूण करायची, अशा पायऱ्या त्यात आहेत.

यातील शेवटच्या पायरीला आपल्या पाठात सर्वांत जास्त वेळ द्या. नसलेल्या उताराची खूण करणे नव्या माणसाला अवघड जाते, कारण चित्रात बोट ठेवायला काही नसते. त्याला आधी 'या कोपऱ्यावरून माणूस रस्ता ओलांडील का' हा प्रश्न विचारायला शिकवावे लागते. झेब्रा पट्टे, समोरच्या बाजूला असलेला उतार, दुभाजकात सोडलेली फट यांवरून उत्तर कसे काढायचे, हे एकेका चित्रावर दाखवा.

दुसरी अडचण फसव्या उतारांची आहे. डी.सी.मध्ये घरात गाडी नेण्यासाठी केलेले उतार अनेकांनी पदपथाचे उतार म्हणून नोंदवले होते. आपल्याकडे त्याची जागा दुकानासमोर नालीवर टाकलेले सिमेंटचे उतार आणि दुचाकी चढवण्यासाठी ठेवलेले लोखंडी पत्रे घेतील, आणि ते दर दहा पावलांवर आहेत. पाठात अशी दोनतीन चित्रे मुद्दाम ठेवा. विद्यार्थ्याने त्यावर खूण केली की नुसते 'चूक' असे दाखवू नका. 'हा उतार दुकानात जातो, पदपथावर चढत नाही' असे कारण त्याच ठिकाणी, एका ओळीत द्या. माझ्या मते या कारणाच्या ओळी हाच पाठाचा गाभा आहे आणि त्या लिहिण्यावर सर्वाधिक मेहनत घ्यायला हवी.

चित्रे स्वतःच काढा. जुलै २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू भारतात पुन्हा सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या १० शहरांत पुणे, नाशिक, अहमदनगर होते, पण मराठवाड्यातील एकही शहर नव्हते. परदेशातील गुळगुळीत पदपथांवर शिकलेला विद्यार्थी परभणीच्या स्टेशन रोडवर आला की गोंधळतो, कारण तेथे एका चौकटीत हातगाडी, रोहित्र, उघडे चेंबर आणि उभ्या दुचाकी सगळे एकदम दिसते.

तीनचाकी

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि हाताने चालवायची तीनचाकी सायकल वापरतो. परभणीकर सर, तीव्रतेचा प्रश्न आपण विचारलात याचे समाधान वाटले, कारण बहुतेक ठिकाणी तो शेवटी उरकला जातो.

तीव्रता नुसत्या चित्राकडे पाहून ठरत नाही, तेथून कोण जाणार आहे हे आधी ठरवावे लागते. व्हीलचेअरची पुढची चाके लहान असतात. नालीवरच्या जाळीच्या फटीत किंवा दोन ढाप्यांमधील खाचेत ती अडकतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. माझ्या सायकलची चाके मोठी असल्याने ती फट मला जाणवतही नाही. उलट, दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी रोवलेल्या लोखंडी खांबांमधून साधी व्हीलचेअर कधीकधी निघते, पण माझी सायकल कधीच निघत नाही. मग मी रस्त्याच्या कडेने, बस आणि रिक्षांच्या मधून जातो. असे जाणारे आम्ही बरेच आहोत, म्हणून पदपथाबरोबर डांबराची कडाही पाहायला शिकवावे.

माझी सूचना अशी की, तीव्रता शिकवणाऱ्या पायरीवर एकच चित्र ठेवून त्याखाली दोनतीन आवाज द्यावेत. व्हीलचेअर वापरणाऱ्या ताई, तीनचाकी चालवणारा कोणी, काठी घेऊन चालणारा कोणी, असे प्रत्येक जण आपापल्या बोलीत 'मी इथून कसा जातो' किंवा 'इथून मी परत फिरते' हे अर्ध्या मिनिटात सांगतील. ते ऐकल्यानंतरच विद्यार्थ्याने तीव्रतेचा आकडा निवडावा. आकड्यांच्या व्याख्या पाठ करून हे समजत नाही. आवाज देणाऱ्यांना त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे, हेही आग्रहाने सुचवतो.

गोदाकाठ

मी नांदेडचा, स्थापत्य अभियंता आहे. तीनचाकी यांच्याशी पूर्ण सहमत आहे, तरी काही मापे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत बसलीच पाहिजेत. पादचारी सुविधांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेची आयआरसी १०३ ही मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार चालण्याचा पट्टा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळा असावा आणि पदपथाची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. उताराचे प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १५० मिलिमीटर चढण्यासाठी १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. हे गणित पाठात एकदा चित्रावर आखून दाखवले, की हातभर लांबीचा उतार पाहून तो चढता येणार नाही हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

छायाचित्रावर फूटपट्टी लावता येत नाही, पण अंध व्यक्तींना वाट कळावी म्हणून बसवलेली पिवळी, उठावाची स्पर्शफरशी सामान्यतः ३०० मिलिमीटर चौरस असते. सहा फरश्यांची लांबी मनात धरून पदपथाची रुंदी अंदाजता येते. जेथे ती फरशी नाही तेथे छायाचित्र काढतानाच ठरावीक लांबीची रंगवलेली काठी चौकटीत आडवी ठेवावी. फक्त जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते, म्हणून काठी ज्या वस्तूचे माप घ्यायचे तिच्या शेजारीच असली पाहिजे. हेही पाठात सांगावे.

आपल्या भागाची एक खास गोष्ट म्हणजे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तळ नीट न बांधता बसवलेले पेव्हर ब्लॉक काही ठिकाणी उठतात आणि काही ठिकाणी खचतात. नांदेडमध्ये २००८ च्या शीख धर्मीयांच्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने पदपथांसह मोठे रस्ते बांधले गेले, पण बांधलेला पदपथ वर्षानुवर्षे सपाट राहील असे कोठेच गृहीत धरता येत नाही. म्हणून एकाच जागेची मे महिन्यातील आणि ऑगस्टमधील अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून 'पृष्ठभाग खराब' ही खूण शिकवावी. उन्हाळ्यात जो खड्डा कोरडा आणि स्पष्ट दिसतो तो पावसाळ्यात पाण्याखाली असतो, आणि विद्यार्थी त्याला सपाट जागा समजून पुढे जातो. प्रत्येक चित्रावर ते कधी काढले याची नोंद दिसायलाच हवी.

पांढरी काठी

मी जालन्याची आहे. मला दिसत नाही. हा धागा मी स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने वाचत आहे.

गोदाकाठ यांनी २.२ मीटर उंचीचा उल्लेख केला, त्यात मला भर घालायची आहे. काठी जमिनीवर फिरते, त्यामुळे जमिनीवरचा दगड मला कळतो. विजेच्या खांबाची तिरपी ताणतार, दुकानाच्या पत्र्याच्या शेडची कड, खाली आलेली फांदी आणि छातीच्या उंचीवरची पाटी काठीला लागत नाहीत, त्या थेट माझ्या चेहऱ्याला लागतात. डोळस माणूस खाली वाकून निघून जातो आणि आपण वाकलो हेही त्याच्या ध्यानात राहत नाही. म्हणून पाठात अशी एक पायरी ठेवा की, विद्यार्थ्याने चित्र वर सरकवून डोक्याच्या पातळीवर पाहिल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

दुसरे स्पर्शफरश्यांविषयी. उभ्या रेघांची फरशी 'या दिशेने चालत राहा' असे सांगते आणि ठिपक्यांची फरशी 'थांब, पुढे काही बदल आहे' असे सांगते. विद्यार्थ्याला पिवळा पट्टा दिसतो आणि तो लगेच 'सोय आहे' अशी खूण करतो. मला मात्र त्या पट्ट्याने सरळ झाडाच्या बुंध्यावर किंवा खांबावर नेऊन सोडले, तर तो पट्टा नसणे अधिक बरे. पट्टा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने अनुसरायला लावा आणि तो जेथे तुटतो तेथे खूण करायला शिकवा.

शिवाय हा पाठ आम्हालाही करता आला पाहिजे. खुणा नुसत्या रंगांनी वेगळ्या करू नका. प्रत्येकीला वेगळा आकार आणि वाचता येईल असे नाव द्या, आणि सगळी बटणे कीबोर्डनेही चालू द्या. चित्र मला दिसणार नाही, पण खुणेसोबत विद्यार्थ्याने लिहिलेले वर्णन वाचून 'एवढ्या माहितीवर मी या रस्त्याने जाऊ शकेन का' हे तपासण्याचे काम मी आणि माझ्यासारखे अनेक जण आनंदाने करू.

परभणीकर

सर्वांचे मनापासून आभार. ताई, वर्णन तपासण्याचे काम आपण कराल तर आमच्या नकाशाचा दर्जाच बदलेल. पाठ पूर्ण होताच आपल्याशी येथेच संपर्क साधतो.

एक प्रश्न उरला आहे. आमच्या वस्त्यांमधील बहुसंख्य रस्त्यांना पदपथच नाही. मुले अशा गल्लीत शिरली की पावलापावलावर 'पदपथ नाही' अशी खूण करत जातात आणि नकाशा त्याच एका खुणेने भरून जातो.

मांजराकाठ

ही खूण प्रोजेक्ट साइडवॉकमध्येही आहे, पण आपल्याकडे तिचा वापर मर्यादित करावा लागेल. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत, रस्त्याच्या प्रत्येक बाजूला ती एकदाच करावी, असा नियम पाठातच ठेवा आणि दुसऱ्यांदा केली तर प्रणालीने ती स्वीकारू नये. अशा गल्लीत पुढचा प्रश्न बदलला पाहिजे. पदपथ नाही हे एकदा नोंदवले, की रस्त्याच्या कडेने चाक जाईल एवढी सपाट जागा आहे का, नाली उघडी आहे का, घरांच्या पायऱ्या आणि ओटे किती पुढे आले आहेत, हे पाहायचे. यासाठी पाठाचे दोन भाग करा: मुख्य रस्त्याचा आणि गल्लीचा. पहिल्या दिवशी मुख्य रस्त्याचा भाग पुरे. तो दहा मिनिटांच्या आत संपावा. गल्लीचा भाग स्वयंसेवकाला गल्ली नेमून दिली जाईल तेव्हाच उघडावा.

मोबाइलवर बोटाखाली नेमकी जागाच झाकली जाते. त्यावर उपाय असा की, खुणेची जागा दाखवणारी फुली पडद्याच्या मध्यभागी स्थिर ठेवावी आणि विद्यार्थ्याने तिच्याखालचे चित्र सरकवावे.

पाठाच्या शेवटी काही चित्रे कोणत्याही सूचनेशिवाय द्या, ज्यांची उत्तरे तीनचाकी आणि पांढरी काठी यांच्यासारख्यांनी आधी ठरवलेली असतील. उत्तर जुळले नाही तर विद्यार्थ्याला बाहेर काढू नका. जी खूण जमली नाही तेवढीच पायरी पुन्हा दाखवा. पुढे प्रत्यक्ष कामातही अशी चित्रे अधूनमधून मिसळा, आणि एकाची खूण दुसऱ्याला दाखवून 'सहमत', 'असहमत' किंवा 'सांगता येत नाही' एवढेच विचारा.

नकाशावेडा

थोडी तांत्रिक भर घालतो. खुणांची नावे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या वर्गवारीशी जुळवून ठेवली, तर माहिती पुढे तेथेही घालता येईल. तेथे पदपथाच्या कडेसाठी 'उंच', 'उतरवलेली' आणि 'समतल' असे प्रकार आहेत आणि स्पर्शफरशीची वेगळी नोंद आहे. छायाचित्रे मॅपिलरी या रस्त्यांच्या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर चढवली तर माणसांचे चेहरे आणि वाहनांचे क्रमांक तेथे आपोआप पुसट केले जातात. स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणार असाल, तर ही काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल.

तीनचाकी

परभणीकर सर, आवाजांबाबत एक सांगायचे राहिले. ध्वनिमुद्रण महाविद्यालयाच्या खोलीत बसून करू नका. ज्या चौकाचे चित्र आहे त्याच चौकात, तो माणूस तेथून जाण्याचा प्रयत्न करत असतानाच करा. खोलीत बसल्यावर आम्ही 'थोडा त्रास होतो' एवढेच म्हणतो, कारण तशी आम्हाला सवय झालेली असते. गोंगाट असतो म्हणून छोटा माईक कॉलरला लावा आणि सोबत एक माणूस वाहने पाहायला ठेवा.