पास्ता कोरडा असतानाच तोला
ताई, तुम्ही विचारलंय की १०० ग्रॅम पास्त्याला अ‍ॅप कधी ३५० कॅलरी दाखवतं, कधी १५०. दोन्ही बरोबर आहेत! पहिला आकडा कोरड्याचा, दुसरा उकडलेल्याचा. पाणी पिऊन वजन दुपटीच्या वर जातं, म्हणून पाकिटातून काढल्यावरच तोला. एका माणसाला ६० ग्रॅम पुरे, साधारण २१० कॅलरी. चौघांचा एकत्र करत असाल तर कोरडा तोलून घ्याच, पण समान वाटणीसाठी निथळल्यावर सगळा पुन्हा तोलून चार भाग पाडा.

पण खरी मेख तेलात आहे. आपल्या जळगावकडे शेवभाजीवर तर्री दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि तोच हात पास्त्यालाही लागतो. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी, एका माणसाच्या पास्त्याच्या निम्म्याहून जास्त. कढईत बुधलीतून धार सोडू नका, चमच्यानेच घाला. चीजही किसण्याआधी तोला.

६० ग्रॅम ताटात फार थोडं दिसतं, हे मान्य. त्यावर भरिताचं वांगं घ्या. विस्तवावर साल काळी होऊन सुटेपर्यंत भाजायचं, सोलून लसूण-हिरव्या मिरचीसोबत ठेचायचं आणि टोमॅटोच्या सॉसमध्ये मिसळायचं. वांग्याच्या १०० ग्रॅमला जेमतेम २५ कॅलरी. आमच्या घरी मुलंसुद्धा असाच मागतात.